खुर्च्यांच्या खोलीतला धूर

१

गुरुवारी दुपारी साडेचारला खुर्च्यांची खोली पेटली. दाराला बाहेरून कुलूप होतं. आत माणूस नव्हता, दिवा नव्हता, विजेची तारसुद्धा नव्हती. ती तर माझ्या सुनेने कामाच्या पहिल्याच आठवड्यात कापून टाकली होती. तरी पेटली.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, त्यामुळे जसं घडलं तसंच लिहिणार. ज्याला बारकावे दिसतील त्याला दिसतील. मला स्वतःला दिसायला दोन दिवस लागले.

आमची इमारत सार्वजनिक आहे. खाली वाचनालय, त्याच्या मागे माझं स्वयंपाकघर, वर शिवणवर्ग आणि म्हाताऱ्यांची बसायची खोली. एकतीस वर्षं इथला चहा आणि जेवण माझ्या हातचं आहे. सगळे मला मावशी म्हणतात आणि वचकून असतात, ते बरंच आहे. इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा देखरेखीला आली कोण, तर माझीच सून. तिचा हट्ट असा की इमारत एक दिवसही बंद ठेवायची नाही. अर्धी चालू, अर्धी तोडलेली, मधे प्लायवूडची भिंत. दर सोमवारी ती भिंत सरकायची. कालचा जिना आज बंद, कालची मोरी आज सिमेंटचं गोदाम. दिवसभर घरघर, ठोकाठोक, पांढरी धूळ. चहाच्या कपावर बशी, बशीवर फडकं. दोन महिने माझं बूड कुठे टेकलं नाही. ज्या खुर्चीवर बसायला जावं ती तासापूर्वी कोणीतरी उचलून नेलेली असायची.

त्या गुरुवारी पाच वाजता कमिटीची माणसं पाहणीला यायची होती. सून खाली-वर धावत होती. म्हटलं, हिची लाज ती आपली लाज. साडेबाराला मी झाडू घेऊन वर गेले. जिन्यातली शिडी आडवी केली. सिमेंटने भरलेल्या चपला कोपऱ्यात सारल्या. सुतार वाचनालयाची जुनी टेबलं पॉलिश करत होता, त्याची मळकी फडकी गॅलरीच्या रेलिंगवर एकाशेजारी एक वाळत पडली होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या थेट नजरेसमोर. ती उचलली. प्लास्टिकचा फाटका पडदा खोचला. सगळा बारीकसारीक पसारा पिशवीत कोंबून खुर्च्यांच्या खोलीत टाकला, कुलूप लावलं आणि खाली आले. माझी मोठी पातेली त्याच खोलीत असतात, म्हणून एक किल्ली माझ्याकडे असते. दुसरी ग्रंथपालांकडे, तिसरी सुनेकडे.

साडेचारला वरून ओरडा झाला. मी जिना चढले तेव्हा सून लाल नळकांडं घेऊन खोलीत फेस मारत होती. ग्रंथपाल दारात उभे होते, जुन्या मासिकांचं जळकं खोकं छातीशी धरून. त्यांचे दोन्ही तळवे भाजले होते.

पाच वाजता कमिटी आली. अध्यक्षांनी काळी भिंत पाहिली, सुनेकडे पाहिलं, आणि कोणालाच न विचारता म्हणाले, "सोमवारी अकराला बैठक. मला वाटतं, बाई, तुम्ही तुमचं सामान आवरायला लागा. आणि इमारत वर्षभर बंद."

२

घरी सून न जेवता बसून राहिली. मुलगा परगावी नोकरीला, म्हणजे घरात आम्ही दोघीच. एकमेकींचं तोंड पाहायचं नाही म्हटलं तरी पाहावं लागतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, तुमची ती चौकड्यांची पिशवी कुठंय?"

"तुला आत्ता पिशवी सुचतेय?"

"कुठंय?"

"गेली की जळून. दुपारीच टाकली होती त्या खोलीत. शिवणबाईने पितळी कड्या लावून दिलेली, मजबूत. मेल्यांनी माझी पिशवीसुद्धा ठेवली नाही."

"हं," म्हणाली ती, आणि पुन्हा पिशवीचं नाव काढलं नाही.

मला ते "हं" आवडलं नाही. मी म्हटलं, "तोंड पाडून बसू नकोस. खोली आपोआप पेटत नाही. कोणीतरी पेटवली. सोमवारच्या आत मी त्याला अध्यक्षांसमोर उभा करते."

"आई, तुम्ही यात पडू नका."

"माझ्या घरातल्या माणसाला आजवर कोणी कामावरून काढलेलं नाही. तू पहिली व्हायची नाहीस."

ती काहीतरी बोलणार होती. मग ताट उचलून आत गेली.

रात्रभर मी मनात माणसं मोजली. ग्रंथपालांना चालू इमारतीत काम नकोच होतं. "एक दिवस काहीतरी पेटेल" हे ते महिनाभर सांगत होते. शिवणवर्गाची बाई सुनेवर चिडलेली, कारण तिची खोली तिसऱ्यांदा हलवली होती, आणि तिच्याकडे इस्त्री होती. आणि सुतार. सुतार बिडी ओढतो हे मला माहीत होतं.

तीन माणसं, तीन दिवस.

३

शुक्रवारी सकाळी ग्रंथपाल पट्ट्या बांधलेल्या हातांनी वाचनालयात हजर. मी कप त्यांच्या ओठांना लावला. माणूस आपल्या हातून चहा पीत असला की खोटं बोलताना अडखळतो.

"सर, कुलूप तुम्ही उघडलंत. धूर दिसल्यावर सगळ्यात आधी तुम्हीच कसे पोचलात?"

"मी तिथेच होतो. दिवसातून तीनदा जातो. दाराला नाक लावतो."

"नाक?"

"माझी जुनी मासिकं आहेत आत. कागद दमट झाला की आधी वास येतो. तुमच्या सूनबाईंनी ती तिथे कोंबली तेव्हापासून मला झोप नाही."

"मग गुरुवारी काय वास आला?"

"चारला गेलो तेव्हा तेलाचा वास होता. तुमच्या स्वयंपाकघरातला नाही, कडवट. मला वाटलं खालच्या पॉलिशचा असेल. साडेचारला गेलो तर फटीतून धूर." मग हळूच म्हणाले, "चारलाच दार उघडायला हवं होतं. हे कोणाला सांगू नका."

जो माणूस चारला उघडलं नाही म्हणून स्वतःला खातोय, तो साडेचारला पेटवणार नाही. मी त्यांना बाजूला काढलं. पण तेल माझ्या डोक्यात राहिलं.

वर शिवणबाई कपडे आपटल्यासारखे घड्या घालत होती. मी इस्त्रीचं नाव काढताच तिने ती माझ्या हातात दिली. वायर गुंडाळलेली, तिच्यावर कोळ्याचं जाळं.

"आठवडा झाला बंद पडून, मावशी. तुमच्या सुनेला सांगितलं, इथलं विजेचं भोक बंद आहे, दुसरं द्या. देते म्हणाली. अजून देतेच आहे. भांडायचं तर तोंडावर भांडेन मी, खोल्या कशाला जाळू? आम्ही अकराजणी भिंतीपलीकडेच बसलो होतो."

"काही पाहिलंस?"

"सुताराला पाहिलं. पाऊण वाजता गॅलरीत आला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, रेलिंगवरून खाली वाकला आणि डोकं खाजवत परत गेला. काहीतरी शोधत होता, नाहीतर कोणी बघतंय का ते पाहत होता."

मी जिना उतरले तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते. तेल सुताराचं. चोरटी नजर सुताराची. उरलं काय?

४

सुतार म्हणजे पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी, हात साफ. शुक्रवारी तो खालच्या हॉलमध्ये टेबलाला तेल चोळत होता, आणि त्याच्या पायाशी पत्र्याचा एक डबा होता. आधी कधी नव्हता. फडकं वापरून झालं की डब्यात टाकायचा आणि झाकण दाबायचा. मी झाकण उचललं. आत पाणी.

"मिस्त्री, हे काय नवीन?"

"काही नाही मावशी. फडकी भिजवतो."

"आजवर तर रेलिंगवर टाकायचात. गुरुवारीही टाकली होतीत."

त्याचा हात टेबलावर थांबला.

"बिडी कुठे ओढलीत गुरुवारी?"

"बिडी सोडून सहा वर्षं झाली. तुम्हीच ओरडला होतात."

हे खरं होतं. मी विसरले होते. मग मी मुद्द्याला हात घातला. "पाऊण वाजता गॅलरीत काय शोधत होतात?"

"फडकी."

"मिळाली?"

"नाही."

"गेली कुठे मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अपराध्याची नव्हती. एखाद्याच्या पदराला ठिगळ दिसावं आणि सांगावं की न सांगावं असं व्हावं, तशी काहीतरी होती. मी ती तेव्हा वाचली नाही.

"चहा गार होतोय, मावशी," म्हणाला तो, आणि पुन्हा चोळायला लागला.

पाण्याचा डबा, न मिळालेली फडकी, बंद तोंड. हा माणूस पुरावा बुडवत होता. मी ठरवलं, पुढचा पुरावा डब्यात जायच्या आत आपण उचलायचा.

५

शनिवारी अकराला सुतार हात धुवायला गेला. टेबलावर चार-पाच तेलकट फडकी होती. मी ती उचलली, कापडी पिशवीत दाबून भरली आणि स्वयंपाकघरात दाराजवळच्या खिळ्याला टांगली. जाळून बघू, भसकन पेटतात का, असं ठरवलं होतं. अध्यक्षांना दाखवायला बरं.

मग जेवणाची घाई झाली. त्यात बाहेर ड्रिल सुरू, वरून धूळ, पार्टिशनच्या माणसांनी माझं पाण्याचं पिंप अर्ध्या तासासाठी म्हणून हलवलेलं, ते शोधण्यात वेळ गेला. अडीच वाजता हात मोकळे झाले. पिशवी काढली आणि पोटाशी धरून निघाले.

चार पावलांवर थांबले.

पोटाला ऊब लागत होती. नुकता भात उतरवून डबा बांधून घ्यावा तशी. मी शेगडीकडे पाहिलं. ती भिंतीच्या त्या टोकाला, विझलेली. खिळ्यावर ऊन येत नाही. मी पिशवीत हात घातला. वरचं फडकं कोमट. त्याच्या आतलं गरम. मधोमध बोटं पोचली तेव्हा हात आपोआप बाहेर आला. आणि वास आला. कडवट, तेलाचा.

कोणी काडी लावली नव्हती. पिशवीला हात लावणारं माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

दारात सुतार उभा होता. टेबल रिकामं पाहून शोधत आला असणार. त्याने माझ्या हातातून पिशवी ओढली, मोरीतल्या बादलीत उलटी केली आणि फडकी पाण्याखाली दाबून धरली.

"मावशी, हे अळशीचं तेल. वाळताना तापतं. फडकी एकेक सुटी पसरली की ऊब हवेत जाते, काही होत नाही. गोळा करून कोंबली की ऊब आतच साठते, मग आतल्या आत पेट घेते. माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून तर रेलिंगवर टाकायचो, एकाशेजारी एक."

एकाशेजारी एक. मी ती तशीच पाहिली होती. गुरुवारी साडेबाराला, हातात झाडू घेऊन.



"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "परवापासून ठाऊक होतं."

"आग विझल्यावर राखेत तुमच्या पिशवीच्या कड्या दिसल्या. मी सांगायला निघालो होतो."

"मग?"

त्याने बादलीतून हात काढले आणि पुसत राहिला. "मॅडमनी, म्हणजे तुमच्या सूनबाईंनी, कड्या घेतल्या आणि म्हणाल्या, गप्प राहा."

६

रविवारी सकाळी सून टेबलाशी लिहीत होती. मी कागद तिच्या हाताखालून ओढला. मला वाचायला वेळ लागतो. ती थांबून राहिली. "आगीचे कारण, कामावरील तेलाच्या फडक्यांची अयोग्य साठवण. देखरेखीतील चूक. जबाबदार," आणि खाली तिची सही. माझा कुठे उल्लेख नव्हता. पिशवीचाही नव्हता.

"कड्या दे," मी म्हणाले.

तिने पर्समधून दोन कड्या काढून टेबलावर ठेवल्या. काळ्या झाल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"कामगारांच्या वस्तूंना हात लावू नका, हे तुम्हाला आठ वेळा सांगितलं होतं. नवव्यांदा ऐकलं असतंत?"

"नसतं," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

ती म्हणाली, "माझं नाव घेतलं तर मला काढतील. मला दुसरी इमारत मिळेल, थोडं थांबावं लागेल एवढंच. तुमचं नाव घेतलं तर स्वयंपाकघर जाईल. तुम्हाला दुसरं स्वयंपाकघर कोण देणार?"

"माझी कीव करतेस?"

"नाही हो. तुम्ही दिवसभर घरी बसलात तर मी कुठे जाऊ?"

मला हसू आलं, आणि राग आला, आणि ते दोन्ही एकदम आल्यामुळे डोळे भरले. ते तिने पाहू नये म्हणून मी शेगडी पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

मागे न वळता म्हणाले, "कागद फाड."

"आई..."

"चुकीचा लिहिलायस. माझी पिशवी घालायची राहिली त्यात."

७

सोमवारी सातला सुतार आणि मी स्वयंपाकघरात होतो. त्याने टेबलाला तेल लावलं, फडकी माझ्या हातात दिली, मी ती पिशवीत दाबली. गुरुवारी जशी दाबली होती तशीच. हे वेळेवर तापलं नाही तर काय, या विचाराने मी दर पाच मिनिटांनी पिशवी चाचपत होते. शेवटी सुतार म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा तरी."

"कुठे बसू? खुर्च्या जाळल्या ना मी."

अकराला आम्ही बैठकीत शिरलो. तो बादली घेऊन, मी पिशवी घेऊन. ग्रंथपाल आणि शिवणबाई आधीच आले होते. सून उभी होती. अध्यक्ष म्हणाले, "मावशी, चहा नंतर."

"चहा नाही आणला. या पिशवीत हात घाला."

"कशाला?"

"घाला तर. साप नाही त्यात."

चारचौघांत मागे हटल्यासारखं दिसू नये म्हणून त्यांनी हात घातला. मग जेवढ्या सावकाश घातला होता त्याच्या दुप्पट वेगाने काढला. सुताराने पिशवी उचलून बादलीत बुडवली.

मी ओळीने सांगितलं. तेल वाळताना तापतं. पसरलेली फडकी वाळतात, कोंबलेली पेटतात. सरांना चारला कडवट वास आला तो याचा. सुतार पाऊण वाजता गॅलरीत शोधत होता ती हीच. "ती साडेबाराला मी उचलली. मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट हात लावू नका असं आठ वेळा सांगितलेलं होतं. तुम्ही पाहणीला येणार म्हणून मी आवरत होते. माझी पिशवी, माझं कुलूप." काळ्या कड्या मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्याशेजारी खोलीची किल्ली ठेवली.

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे माझंच खरं. चालू इमारतीत काम करायला नको होतं. माणसं असली की हात लावणारच."

याचं उत्तर मी तयार करून नेलं नव्हतं. ते तिथेच आलं. "माणसं होती म्हणून तीन खुर्च्यांवर भागलं, साहेब. सर दाराला नाक लावून बसतात म्हणून धूर कळला. भिंतीपलीकडे अकरा बायका होत्या म्हणून ओरडा झाला. नाहीतर रिकाम्या घरात पेटलेलं कोणाला दिसतं? सकाळी येऊन राख मोजली असतीत."

ग्रंथपालांनी पट्टीतला हात वर केला. "मी यांच्याशी सहमत आहे," म्हणाले. महिनाभर उलट बोललेला माणूस.

अध्यक्षांनी कडी उचलून पाहिली, बोटाला काळं लागलं ते रुमालाला पुसलं. मग सुनेकडे वळले. "काम चालू ठेवा. पण यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. कामावर कोणी नियम मोडला तर काय करता?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. मीसुद्धा. क्षणभर तरी माझा मुलाहिजा ठेवेल असं वाटलं होतं.

"किल्ली जमा," सून म्हणाली. "काम संपेपर्यंत जिन्याच्या वर जायचं नाही. स्वयंपाकघर त्यांच्याकडेच राहील. आणि सुरक्षेचे नियम सगळ्या कामगारांसारखे वाचून सही करायची. सगळे. मोठ्याने."

एकोणीस नियम होते. माझा अर्धा तास गेला. एकही माणूस हसला नाही, शिवणबाई सोडून.

८

आता पुन्हा भिंत सरकली आहे. वाचनालय या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलंय; ग्रंथपाल माझ्या पिंपाशेजारी बसून पुस्तकं देतात आणि मधेच हवेत वास घेतात. सुताराची शेवटची टेबलं मागच्या अंगणात आहेत. पाण्याचा डबा एकच आहे, तो दुपारपर्यंत भरतो, म्हणून उरलेली फडकी दोरीवर जातात, एकाशेजारी एक, मधे चार बोटं जागा. ती वाळेपर्यंत कोणीतरी लक्ष ठेवायचं, असा विसावा नियम सुनेने माझ्यामुळेच घातला. आणि त्या कामावर मलाच बसवलं. स्टूल तिनेच आणून दिलं.

काल एक नवी बाई वाचनालयात नाव घालायला आली. दोरीकडे पाहून नाक मुरडलं. "किती हा पसारा. इथे कोणी आवरत नाही का?" असं म्हणत तिने कोपऱ्यातलं फडकं उचलायला हात पुढे केला.

"ठेव ते," मी स्टुलावरून म्हणाले. "ते तसंच राहायचं."